श्वासाचा आकडा

माझा रक्तगट ओ आहे, आणि आमच्या घरात तो माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त जणांना पाठ आहे. वाढदिवस धाकटा भाऊ दरवर्षी विसरतो. रक्तगट मात्र त्याने पुण्याहून फोन करून पुन्हा पुन्हा विचारून घेतला, आणि शेवटच्या वेळी मी "ओ रे बाबा, ओ" म्हटल्यावर पलीकडून असा सुस्कारा आला की मला तिथेच कळलं, आता आपलं काही खरं नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यकृत संपत आलं होतं. माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. तरुणपणी झालेली कावीळ आत कुठेतरी दबा धरून बसली होती, तिने म्हातारपणी डोकं वर काढलं. देवळाली कॅम्पात त्यांचं शिलाईचं दुकान, गिऱ्हाईक सगळं फौजी. त्यामुळे पिवळे डोळे आणि फुगलेलं पोट बघून लोक आपापसात ठरवून मोकळे झाले, की कॅम्पात जन्म गेलेला माणूस, रम स्वस्तात मिळत असणार, घेत असणार. अप्पा कुणाची समजूत काढायला गेले नाहीत. पोटात पाणी भरत गेलं तसतशी त्यांनी स्वतःच्या विजारींची कंबर उसवून सैल केली, स्वतःच मशीनवर बसून. शेवटी शिवणीत उसवायला कापडच उरलं नाही, तेव्हा लुंगी धरली.

डॉक्टरांनी सांगितलं, आता कुणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवणं हाच उपाय. अप्पांचा रक्तगट ओ. ओ गटाच्या माणसाला फक्त ओ चालतो. आईचा बी, भावाचा बी. राहिले कोण, ते सांगायची गरज नव्हती आणि कुणी सांगितलंही नाही. सगळे थेट आभार मानायला लागले.

आईने माझ्यासाठी बदाम भिजवायला सुरुवात केली. माझं घर पाथर्डी फाट्याला, माहेर कॅम्पात, तेव्हा कामावरून येताना मी तिकडे डोकावतेच. गेले की वाटी पुढे. "खा. तुला ताकद पायजे." सणाआधी बोकडाला हिरवा पाला घालतात ना, त्या मायेने ती माझ्याकडे बघायची. शेजारच्या मावशी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून, बोटं मोडून गेल्या. "लेक असावी तर अशी." भाऊ फोनवर गहिवरून म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून आम्ही आहोत." मी अजून कशालाच हो म्हटलं नव्हतं. पण आभार आधीच मानून झाले, की नाही म्हणायला तोंड कुठे उरतं?

मला द्यायचं नव्हतं. हे मी सरळ लिहिते, कारण तेव्हा मनात दुसरं काही नव्हतंच. अप्पांवर माझा जीव आहे. पण बरगड्यांखाली आडवं कापून यकृताचा मोठा तुकडा काढतात, तो पुन्हा वाढतो हे खरं, आणि फार क्वचित देणारं माणूसच जातं हेही खरं, हे मी वाचलं होतं. माझी मुलगी पहिलीत आहे. तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. मी रोज सकाळी तिचे केस विंचरताना तेवढाच विचार करत असे आणि कंगवा ओढला गेला की ती ओरडायची. नवरा म्हणाला, "निर्णय तुझा. मी पाठीशी आहे." मला त्याचा भयंकर राग आला. पाठीशी सगळेच होते, म्हणून तर मागे सरकता येत नव्हतं.

ऑपरेशन पुण्याला व्हायचं होतं, पण जमतील तेवढ्या तपासण्या नाशकातच उरकायच्या असं ठरलं. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला एकटीला थांबवून घेतलं आणि बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. म्हणाले, "हे बघा ताई, मनात नसेल तर आत्ताच सांगा. मी 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच लिहीन. कारण कुणालाही सांगणार नाही. घरच्यांनाही नाही."

इतका मोठा दरवाजा त्या माणसाने माझ्यासाठी उघडला होता. पण त्याच्या केबिनचा खरा दरवाजा नीट लागला नव्हता, आणि फटीतून अप्पांच्या खोकल्याची उबळ ऐकू येत होती. मी म्हणाले, "नाही नाही, द्यायचंय मला." आवाज इतका उत्साही निघाला, की डॉक्टरांनी लगेच तपासण्यांची यादी लिहायला घेतली.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त चांगलं. सोनोग्राफी चांगली. स्कॅनमध्ये यकृत असं गुळगुळीत की ते दाखवताना डॉक्टर खूश. प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक माझा पाय खोलात. शेवटी राहिली श्वासाची तपासणी. ती सगळीकडे करतात असं नाही. पण डॉक्टरांच्या विभागात ते मशीन होतं आणि त्यांचा त्यावर लोभ होता.

"स्कॅनमध्ये यकृत दिसतं कसं ते कळतं. यात ते चालतं कसं ते कळतं," ते म्हणाले. एक औषध पाण्यातून प्यायचं. यकृत ते फोडतं. फोडलं की त्यातला खूण केलेला कार्बन श्वासावाटे बाहेर येतो. किती येतो आणि किती लवकर येतो, ते मोजायचं. किरणं-बिरणं काही नाहीत, नेहमीच्या कार्बनपेक्षा जरा वजनदार असतो, एवढंच. त्यासाठी आदल्या दिवशी ज्वारी-बाजरीची भाकरी, मका, उसाचा रस बंद, कारण या पिकांत तो वजनदार कार्बन मुळातच थोडा जास्त असतो. चहा नाही. रात्रीपासून पोटात काही नाही. आणि तपासणी चालू असताना जागेवरून हलायचं नाही.

आईचं माहेर येवल्याकडचं. भाकरीला नावं ठेवलेली तिला खपत नाहीत. ती म्हणाली, "भाकर खाल्ली म्हून श्वास बदलतो व्हय? मंग आमी जन्मभर खोटाच श्वास घेतला म्हनायचा." डॉक्टर मनापासून हसले.

मला मात्र हसू येईना. मी पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये आहे. परदेशी जाणाऱ्या मालाची गोडी तपासणं हे माझं काम. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, डोळ्याला यंत्र लावून आकडा वाचायचा. आकड्यावर बागेचं भवितव्य ठरतं आणि आकडा किती सहज फसतो ते मला ठाऊक आहे. सावलीतला घड तोडला तर तयार बाग कच्ची निघते, उन्हातला तोडला तर कच्ची बाग तयार. नुकतंच पाणी सोडलेलं असेल तर गोडी उतरते. यंत्राची त्यात चूक नसते. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, "हा आकडा कितपत धरायचा?"

प्रश्न त्यांना आवडला. म्हणाले, "फार बिघडलेलं यकृत हे मशीन अचूक पकडतं. थोडंसं बिघडलेलं असेल तर अडखळतं. आणि चांगल्या यकृताला वाईट ठरवायला लावणाऱ्या गोष्टीही आहेत. म्हणून मी नुसत्या या आकड्यावर कुणाला हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही."

त्याच सुमारास आईने घरी जप ठेवला. अप्पांच्या आयुष्यासाठी, गुरुजींनी सांगितलेला, रोज थोडा थोडा. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे सोवळ्याचा स्वयंपाक आणि नैवेद्य माझ्या गळ्यात. तारखा मोजायच्या त्या तिने मोजल्या आणि एक दिवस बदामाच्या वाटीशेजारी गोळ्यांची पट्टी ठेवली. "अडचन यायला नको," म्हणाली.

पाळी पुढे ढकलायच्या या गोळीला आमच्यात कुणी औषध समजत नाही. गौरी-गणपती असो, लग्न असो, सत्यनारायण असो, उदबत्ती-कापराच्या जोडीने ती घरात येते. कॅम्पातला केमिस्ट तर बायकांचा चेहरा बघूनच पट्टी कागदात गुंडाळायला घेतो. मी शाळेत होते तेव्हापासून घेत आलेय. देवाला या गोष्टीचं एवढं वावडं असेल असं मला वाटत नाही. पण आईशी वाद घालण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं असतं. त्रास म्हणाल तर एकच, गोळी चालू असली की मला संध्याकाळचा चहा बाधतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

तपासणी खरं तर जप आटोपल्यावर होती. पण हॉस्पिटलातून फोन आला, मशीन मोकळं आहे, उद्याच या. गेलो.

तपासणी करणारी मुलगी तरुण, गडबडीत. भर खोलीत तिने मोठ्याने विचारलं, "काही औषधं चालू आहेत? बीपी, शुगर, थायरॉइड, अँटिबायोटिक?" माझ्या एका बाजूला अप्पा बसले होते, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला भाऊ. मी नाही म्हणाले. गोळी आठवलीच नाही, कारण तिने विचारलेल्या नावांत ती बसत नव्हती. आणि आठवली असती तरी अप्पांच्या देखत मी तो शब्द उच्चारला असता का, देव जाणे. आमच्या घरात पुरुषांसमोर फक्त "बरं वाटत नाही" असं म्हणतात, आणि पुरुष लगेच खिडकीबाहेर बघतात.

आधी एका चकचकीत पिशवीत फुंकायचं. मग कडवट पाणी प्यायचं. मग खुर्चीत बसायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने नव्या पिशवीत फुंकत राहायचं. लग्न झाल्यापासून मला कुणी "बसून राहा, उठू नकोस" असं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असं. पाय आखडले, नाक खाजलं, बाहेर रस्त्याने द्राक्षाचे क्रेट भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तो कुणाच्या बागेचा असेल याचा अंदाज करत मी वेळ काढला. ऐन हंगामात मी रजेवर होते आणि पॅकहाऊसमधून फोनवर फोन येत होते.

अप्पांचीही हीच तपासणी पूर्वी झाली होती. त्यांना पिशवी पुरती फुगवताही आली नव्हती. आता ते माझ्या शेजारी बसून मला शिकवत होते. फौजींशी बोलून बोलून त्यांच्या मराठीत हिंदी मिसळलेलं आहे. "आरामसे, बेटा. घाई नको. पूरा सोड." मी फुंकत होते आणि मनात एकच धावा चालला होता, माझ्या यकृता, थोडं तरी नासकं निघ. बाजूला बसलेला माणूस माझ्या प्रत्येक श्वासाला मान डोलावत होता.

आणि आकडा कमी आला.

अप्पांइतका वाईट नव्हे, पण देणारीचा म्हणून चालणार नाही इतका कमी. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला तेव्हा मी पर्स उचलून उठायलाच लागले. पुढच्या क्षणी शंका आली, यांनी दया दाखवून मुद्दाम तर नाही केलं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. "हे बाकीच्या रिपोर्टांशी जुळत नाही," ते म्हणाले. "मला जरा विचार करू द्या. पुढच्या आठवड्यात सगळे या. तोवर पुण्याचं थांबवू."

मी सुटले होते. त्या आठवड्यात मी पॅकहाऊसमध्ये गाणी गुणगुणत काम केलं. भावाने दोनदा विचारलं, "तू नक्की काही खाल्लं नव्हतंस ना?" त्याच्या आवाजात आभार नव्हते, पण राग धरावा असंही काही नव्हतं, बिचारा नुसता घाबरला होता. आईने बदाम बंद केले नाहीत. उलट तिचा चेहरा उजळल्यासारखा दिसायचा. मला ते विचित्र वाटलं, पण मी फार खोलात गेले नाही. जप संपला, गोळ्या संपल्या, पाळी आली.

अप्पांचं मात्र काहीतरी बिनसलं. माझी मुलगी लहानपणापासून त्यांच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा पळवून खाते. त्या रविवारी तिने हात घातला तर त्यांनी तिचा हात झटकला. पोरगी रडायला लागली. त्यांनी ताट उचललं आणि पाठ फिरवून जेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवला आणि स्वतःच घासायला घेतला, त्या फुगलेल्या पोटाने मोरीत बसून.

आई म्हणाली, "किती सांगू त्यांना? म्हनत्यात, माझ्याकडूनच पोरीला गेलं."

मी लहान होते तेव्हा त्यांना ती पहिली कावीळ झाली होती. त्या दिवसांत ते मला मांडीवर घेऊन आपल्याच ताटातून भरवत. मला त्यातलं काही आठवत नाही. त्यांना सगळं आठवत होतं, वरणभात होता की दूधभात, तेसुद्धा. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, की हिच्या रक्तात त्या काविळीचा मागमूस नाही. मी तो कागद काढून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रक्तात नसेल. आत असेल. मशीनने पकडलं ना?"

ज्यांनी ते मशीन विकत घेतलं, त्या डॉक्टरांचाही त्याच्यावर एवढा विश्वास नव्हता. अप्पांचा होता. स्वतःच्या मरणाबद्दल कुरकुर न केलेला हा माणूस आता मला दिवसातून चार वेळा फोन करून विचारायचा, डोळे पिवळे दिसतात का, अंगाला खाज येते का. मी "नाही हो अप्पा" म्हणायचे. ते म्हणायचे, "मलाही आधी काही नव्हतं." मला हसावं की रडावं कळेना.  मलाही आता आतून भीती वाटायला लागली होती, की खरंच काही असेल तर?

ठरल्या दिवशी आम्ही सगळे केबिनमध्ये गेलो. डॉक्टर बोलायच्या आधीच अप्पांनी हात जोडले. "साहेब, माझं राहू द्या. माझं जगून झालं. हिचं काय ते बघा. हिला आजच औषध चालू करा. हिची पोरगी लहान आहे."

डॉक्टर म्हणाले, "अहो, थांबा जरा. मला आधी हिला परत काही विचारायचंय." आणि त्यांनी एकेक करून विचारायला घेतलं. मध्ये ताप आला होता का, कुठली अँटिबायोटिक? नाही. सिगारेट? त्याने तर आकडा उलट वाढतो. नाही. मग त्याच हळू आवाजात, औषधांची नावं घ्यावीत तसं ते म्हणाले, "कुटुंबनियोजनाच्या गोळ्या? किंवा पाळी पुढे ढकलायच्या?"

आता मला ती पट्टी आठवली. भावाने खिडकीबाहेर बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून आई म्हणाली, "नाय हो साहेब. ती कायबी घेत नाय. पहिल्यापासून गोळ्यांचा तिटकारा तिला."

आणि टेबलाखाली तिने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, आवळलं. बांगडी हाडात रुतली.

पट्टी आणून देणारी तीच होती. रोज सकाळी "घेतली का?" असं फोनवर विचारणारीही तीच. मी तिच्याकडे बघितलं, ती समोर डॉक्टरांकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. माझी आई चेष्टेतसुद्धा कधी खोटं बोलत नाही. बाजारात भाजीवाल्याने चुकून जास्त मिरच्या घातल्या तर परत द्यायला जाणारी बाई. नवऱ्याच्या आयुष्यासाठी जप घातलेली बाई. ती नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसून त्याच्या जिवाच्या प्रश्नाला नाही म्हणाली होती, आणि मनगट माझं धरलं होतं.

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काही कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी मला, फक्त मला विचारलं, "नक्की ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते होतं. नुसती मान हलवायची होती. डॉक्टर लिहून मोकळे होणार होते आणि आयुष्यात कुणी मला एका शब्दाने बोललं नसतं. माझी मान हलायला लागलीही होती.

तेव्हा अप्पा माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं मी लाजतेय. ते म्हणाले, "बेटा, काही असेल तर सांगून टाक. माझ्यासमोर शरम नको. मी दुखणं लपवलं, तसं तू नको करू. माझं पाप तुझ्या पोटात नको राहायला."

हे ऐकून मला गप्प बसवेना. हा माणूस मरणार, आणि मरताना असं समजून मरणार, की आपण भरवलेल्या घासाने पोरीला मारलं.

"घेतली होती," मी म्हणाले. "पाळीची गोळी. जपासाठी. तपासणीच्या दिवशीही चालू होती." आवाज नको तेवढा मोठा निघाला. भाऊ खिडकीबाहेर बघतच राहिला. अप्पांनी मान खाली घातली. आईची बोटं माझ्या मनगटावरून एक एक करून सुटली.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "गोळी चालू असताना चहा बाधतो का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "तेच ते. चहा आणि आमचं औषध, दोन्ही यकृत एकाच जागी फोडतं. ही गोळी त्या जागेचं काम मंद करते. यकृत आळशी नव्हतं, त्याला आळशी केलं होतं." मग अप्पांकडे बघून सावकाश म्हणाले, "तुमच्याकडून हिला काहीही गेलेलं नाही. या वेळचा आकडा आपण धरायचाच नाही. महिनाभर काही गोळी घेऊ नका, मग पुन्हा करू."

अप्पांना भाऊ गाडीतून घेऊन गेला. आई म्हणाली, मी हिच्यासंगं रिक्षाने येते. गंगापूर नाक्यापर्यंत ती पिशवीतले रिपोर्ट आवरत होती. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "हात दाखवून अवलक्षन. कोनी सांगितलं व्हतं बोलायला? मी सोडवीत व्हते ना तुला."

"आणि अप्पा?"

"ते मला इचारू नको."

"आई, मग बदाम कशाला खायला घातलेस इतके दिवस?"

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग काय करू? एक दिवस वाटायचं, ही देतीये म्हून ते वाचतील. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ही कशापायी? त्या दिवशी आकडा कमी आला, देवाला साखर ठेवली म्या. चोरून." रिक्षावाला आरशात बघत होता, तिला त्याची शुद्ध नव्हती. "दोगांना एकाच दिवशी आत नेनार. एका खोलीत तू, एका खोलीत ते. मी भाईर कोनासाठी बसू, सांग ना. कोनासाठी?"

 मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला, आणि कॅम्पाचा फाटा येईपर्यंत आम्ही दोघी दोन बाजूंच्या रस्त्यांकडे बघत बसलो.

महिन्याने पुन्हा तीच खुर्ची, त्याच पिशव्या. या वेळी मी काही धावा केला नाही. अप्पा शेजारी होते, पण "पूरा सोड" वगैरे म्हणायचं भान त्यांना नव्हतं. ते नुसते मशीनकडे डोळे लावून बसले होते. आई दाराजवळच्या बाकावर. डॉक्टर स्वतः कागद घेऊन आले.

"उत्तम," ते म्हणाले. "एकदम ठणठणीत. गेल्या वेळच्या आकड्याला आता काही अर्थ नाही."

अप्पा खुर्चीतून उठले. महिनोन्‌महिने आधाराशिवाय न उठलेला माणूस. त्यांनी तपासणीवाल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, भावाच्या पाठीवर थाप मारली. "बघ! माझ्या पोरीला काही नाही! एकदम ओके आहे!" त्यांचे पिवळे डोळे पाण्याने भरले होते आणि ते हसत होते, मी कित्येक वर्षांत त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. नातीला फोन लाव म्हणाले, तिला सांग, आज आजोबांच्या ताटात जेव.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ठणठणीत म्हणजे काय ते त्यांना कळलं. हसू जागच्या जागी विरलं. ते हळूच खाली बसले. त्यांनी आईकडे बघितलं, तर तिने पदर तोंडाला लावला होता. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. डॉक्टर कागद हातात घेऊन उभे होते आणि कुणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

मग मीच ऑपरेशनची तारीख विचारली.